साप-कुत्री पळवण्याच्या वस्तू : नागपूरकरांनी काय घ्यावं आणि काय दुकानातच राहू द्यावं

मृगाच्या दोन सरी पडल्या आणि लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर गवत गुडघ्याएवढं झालं, की बेसा, हुडकेश्वर, दाभा, वाठोडा अशा वस्त्यांत काही ठरावीक वस्तूंना मागणी येते. कार्बोलिक ॲसिडची बाटली, साप पळवणारी पावडर, अंगणात रोवायचा सोलर खुंट, कुत्र्यांसाठी कानाला न ऐकू येणारा आवाज करणारं यंत्र. फाटकाबाहेर लाल पाण्याच्या बाटल्यांची रांग तर वर्षभर असतेच. हा आढावा या वस्तूंचा आहे. इतवारीच्या हार्डवेअर दुकानात, कृषी केंद्रात किंवा ऑनलाइन यातलं जवळपास सगळं मिळतं. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण फरक कंपनीचा नसून प्रकाराचा आहे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला आहे: हिच्यामुळे चावा टळतो, की फक्त मनातली भीती थोडी निवते?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पैसे वाया जातात ते इथेच. अंगणात पाण्याचा पाइप वेटोळं होऊन पडलेला असला तरी पाऊल आपोआप मागे येतं. तो पाइप आहे हे नंतर कळतं. माकडं आणि माणसं यांचे डोळे आणि मेंदू लांब, वळणदार, खवल्यांच्या आकृतीकडे फार लवकर वळतात. 1980 च्या दशकात सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. या माकडांनी साप कधी पाहिला नव्हता आणि त्यांना त्याची भीतीही नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरताना पाहिल्यावर मात्र ती पटकन घाबरायला शिकली. चित्रफितीत फेरफार करून माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं, तेव्हा फुलाची भीती त्यांनी घेतली नाही. भीती जन्मतःच तयार नसते, पण सापाबाबत ती शिकायला मन आधीच तयार असतं, असा याचा अर्थ. घरातल्या मोठ्याने एकदा किंचाळून खाटेवर उडी मारली, की लेकराचा धडा पूर्ण होतो.

अडचण अशी की ही भीती आकाराला असते, विषाला नसते. सहा-सात फुटांची धामण सरसरत गेली की अख्खी गल्ली लाठ्या घेऊन धावते. धामणीला विष नाही आणि तिच्यामुळे उंदीर कमी होतात. मण्यार तीन-साडेतीन फुटांची, काळसर, मंद चालीची. ती फणा काढत नाही, फुत्कारही क्वचितच. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते तेव्हा मुंगी चावल्यासारखं वाटतं किंवा जाणवतही नाही. सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटात कळ, उलटी, जड झालेल्या पापण्या, बोलताना अडखळणं, आणि मग श्वास. घरचे अपचन समजून ओवा देत बसतात. या सापाची भीती नाग किंवा धामणीच्या निम्मीही नाही, कारण तो भीती वाटेल असं काही करतच नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं ही म्हण बाजारातल्या निम्म्या वस्तूंना तंतोतंत लागू पडते.

सुरुवात कार्बोलिक ॲसिडपासून, कारण सगळ्यात जास्त विकलं जातं तेच आणि सगळ्यात जास्त अपाय करतं तेही तेच. हे म्हणजे फिनॉल. फरशी पुसायच्या फिनाइलशी याची गल्लत गिऱ्हाईक करतं आणि कधी कधी दुकानदारही. घराभोवती रेघ मारली की साप ओलांडत नाही, हा समज महाराष्ट्रभर आहे. साप जिभेने हवेतले आणि जमिनीवरचे कण गोळा करून टाळूतल्या ज्ञानेंद्रियाला देतो, म्हणून त्याला गंध कळतो हे खरं. पण गंध कळणं वेगळं आणि त्या गंधाने परत फिरणं वेगळं. उंदराच्या मागावर किंवा पाण्याने भरलेल्या बिळातून बाहेर पडलेला साप वासाची रेघ ओलांडून जातो. शिवाय फिनॉल उघड्यावर टिकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात उडून जातं, पावसात एका सरीत वाहून जातं. आणि वास खरंच अडवत असता, तर आधीच घरात शिरलेला साप बाहेर कुठून जाणार?

आता अपाय. घट्ट फिनॉल कातडीवर पडलं की ती जागा पांढरी पडते आणि बधिर होते. बधिर होते म्हणूनच लहान मूल लगेच रडत नाही आणि कुणाचं लक्ष जात नाही. तोवर ते कातडीतून रक्तात शिरत असतं. अंगणात रांगणारी मुलं, दारात बसणारं मांजर, विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, सगळ्यांनाच धोका. अंगावर सांडलं तर भिजलेला कपडा ताबडतोब काढा, जागा भरपूर वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवा आणि दवाखाना गाठा. घरात बाटली असेल तर पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. विषबाधेचे कितीतरी प्रसंग अशा बदललेल्या बाटलीमुळे घडतात. नवी घेऊ नका, एवढंच मत.

गंधक आणि नॅप्थालिनची दाणेदार पावडर थोडी सभ्य दिसते, डब्यावर आडवी रेघ मारलेला साप असतो. परदेशात अशा मिश्रणांच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांत सापांना फारसा फरक पडला नाही. नॅप्थालिन म्हणजे डांबरगोळी. बंद खोलीत तिचा वास सतत घेणं कुणालाच बरं नाही आणि ज्या मुलांच्या रक्तात जी-6-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात. लसूण-मिरचीचा फवारा, केसांची दोरी, सर्पगंधाची कुंडी यांच्यावर वेळ घालवायची गरज नाही.

सोलर खुंट दिसायला आधुनिक. दर अर्ध्या मिनिटाला गुणगुणतो, जमिनीत थोडा कंप जातो. सापाला बाहेरचा कान नाही, पण तो ठार बहिरा नाही. आतल्या कानाने आणि जबड्याने साधारण 80 ते 600 हर्ट्झपर्यंतचे कंप आणि आवाज त्याला कळतात. म्हणजे खुंटाचा कंप कळण्यासारखा असतो. पण तोच कंप तसाच, ठरलेल्या वेळाने, काहीही न घडता येत राहिला की प्राणी त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. दिवसभर ट्रक जाणाऱ्या अमरावती रोडच्या कडेलाही साप राहतात, ते याच कारणाने. त्यातून आपल्याकडची काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि अशा भेगाळलेल्या जमिनीत कंप फार दूर जात नाही. पावसात तीच माती लोण्यासारखी होते, खुंट कलतो आणि पाणी आत शिरून बॅटरी मरते. ‘अल्ट्रासोनिक’ लिहिलेलं सापाचं यंत्र तर मुळातच चुकीचं आहे. ते 20,000 हर्ट्झच्या वरचा आवाज काढतं, सापाचं ऐकणं हजाराच्या आतच संपतं.

आता ज्या वस्तू खरंच चावा टाळतात त्यांच्याकडे येऊ. त्या इतक्या साध्या आहेत की त्यांच्यावर कुणी साप छापत नाही.

टॉर्च पहिली. मोबाइलचा प्रकाश पसरट असतो, चार पावलांपलीकडे जमिनीचा पोत दिसत नाही, आणि मोबाइल धरलेला हात सहसा कानाशी असतो. झोत असलेली, एका हातात मावणारी चार्जिंगची एलईडी टॉर्च घ्या. ती ठेवायची जागा ठरलेली हवी, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर. रात्री उठून संडासला जाणं, गोठ्यात जाणं, वावरात ओलिताची मोटर सुरू करायला जाणं, चावे अशाच वेळी होतात. झोत पावलाच्या दीड-दोन मीटर पुढे असू द्या.

गमबूट दुसरा. सर्पदंश मोठ्या प्रमाणात पायाच्या खालच्या भागावर होतात, आणि साधा पीव्हीसीचा गुडघ्याखालपर्यंत येणारा बूट तेवढं झाकतो. जोडी चार-पाचशेत येते. नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या, कारण आत जाड मोजा लागतो. मोज्याशिवाय टाच सोलते, मग आठवड्यात बूट कोपऱ्यात जातो आणि पैसे फुकट जातात. बूट सैल असणं चांगलंच: दात प्लास्टिकमधून आले तरी कातडीपर्यंत अंतर उरतं. मे-जूनमध्ये तो दिवसभर घालवत नाही, ही तक्रार रास्त आहे. पहाटेचं आणि संध्याकाळचं काम, गवत कापणं, संत्र्याच्या बागेत आळी साफ करणं, पऱ्हाटीचे आणि तुराट्यांचे ढीग हलवणं, एवढ्यापुरता तरी घाला. काम झाल्यावर बूट उलटा करून टांगा. जमिनीवर उभा ठेवलेला बूट विंचवाला आणि कवड्या या बिनविषारी सापाला आवडतो. ढिगात हात घालताना हातमोज्यावर भिस्त ठेवू नका, आधी लांब काठीने ढीग हलवा.

मच्छरदाणीला पूर्ण गुण. मण्यारीविरुद्ध हिच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासातही मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचं दिसलं. अट एकच, कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचलेल्या हव्यात. खाटेवरून लोंबणारी चादर किंवा मच्छरदाणीची सुटी कड म्हणजे सापाला शिडी. जमिनीवर झोपावं लागत असेल तर मच्छरदाणी आणखी गरजेची, कवेलूच्या घरात तर हमखास.

दाराखालची पट्टी आणि जाळी यांत मात्र चुका फार होतात, म्हणून सविस्तर. सापाचं पिल्लू पेन्सिलीएवढं असतं. दाराखाली बोटभर फट असेल तर मण्यारीचं किंवा नागाचं पिल्लू सहज आत येतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लंच जास्त बाहेर पडतात. फट 6 मिलिमीटरच्या आत आणायची आहे. फोमची चिकटपट्टी घेऊ नका. पहिल्या पावसात फुगते, नंतर उंदीर कुरतडतात. ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेलं जाड रबर किंवा दाट ब्रश घ्या, स्क्रूने लावा, आणि रबर फरशीला किंचित टेकेल एवढं खाली घ्या. फरशी सरळ नसेल तर आधी उंबरठा करून घ्या. जुन्या घरांतले दगडी उंबरठे उगाच नव्हते.

न्हाणी आणि संडासाच्या निचऱ्याला स्टीलची जाळी लागते, प्लास्टिकची नको. सांडपाण्याच्या उघड्या नालीतून येणारा पाइप हा सापाचा आणि त्याच्या भक्ष्याचा नेहमीचा रस्ता. नुसती ठेवलेली जाळी झुरळाला अडवते, पण साप डोक्याने ती उचलतो. फिरवून बसणारी किंवा स्क्रूची घ्या. खिडकीच्या जाळीची भोकं 6 मिलिमीटरपेक्षा लहान हवीत. एसीचा, गॅसचा, पाण्याचा पाइप भिंतीतून जातो तिथे उरलेलं भोक सिमेंटने भरा, वर्तमानपत्र कोंबून नव्हे.

आणि कूलर. यावर कुठल्याच दुकानात काही मिळत नाही, आणि नागपुरात सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं ते यालाच. उन्हाळ्यात कूलरची टाकी म्हणजे पाणी, सावली, ओली घास, शिवाय पाण्यावर येणारे बेडूक आणि पाली. त्यांच्या मागे कवड्या येतो, कधी नाग. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या चारही बाजूंना फट राहते. ती प्लायच्या पट्टीने किंवा जाड रबराने बुजवा, कापड कोंबू नका. टाकीच्या तळाशी पाणी सोडायच्या भोकाला बूच असतंच असं नाही, तिथे जाळी लावा. मार्च-एप्रिलमध्ये माळ्यावरून किंवा परसातून कूलर बाहेर काढताना क्रम असा ठेवा: आधी सगळ्या बाजूंवर काठीने ठोका, मग काठीनेच एक बाजूची जाळी सैल करून दूर व्हा, टॉर्चने टाकीचा तळ आणि मोटरच्या मागची जागा पाहा, आणि मगच घास बदलायला हात घाला. चालू हंगामात आत साप दिसला तर मेन स्विच बंद करा, खोलीतले सगळे बाहेर, दार ओढून घ्या, दाराखाली ओला टॉवेल दाबा. पंख्यात काठी घालून साप ओढू नका. घाबरलेला साप आतल्या बाजूला, म्हणजे तुमच्या खोलीतच पडेल.

त्यानंतर येतात ऑनलाइन मिळणारे चिमटे आणि हुक. घरगुती वापरासाठी घेऊ नका. चिमट्याने धरलेल्या सापाच्या बरगड्या तुटतात, आणि नवख्या हातातला चिमटा हमखास डोक्यापासून लांब धरलेला असतो, म्हणजे डोकं मोकळं राहतं. साप आपल्या लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत झेप घेतो. तुम्ही त्या टप्प्यात उभे राहता, ते चिमटा हातात आहे म्हणूनच. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे सापाला मारणं किंवा बाळगणं गुन्हा आहे, आणि पकडायला वनखात्याची परवानगी लागते.

म्हणून सेवा घ्यायची ती सर्पमित्राची. वनविभागाची मदतवाहिनी 1926. शहरात सेमिनरी हिल्सला वन्यजीव उपचार केंद्रही आहे. सेवा चांगली की वाईट हे दोन मिनिटांत ओळखता येतं. चांगला सर्पमित्र आल्यावर आधी लोकांना मागे सारतो, हुकने साप हलकेच उचलतो, पिशवीच्या तोंडात काळा पाइप धरतो आणि सापाला स्वतःहून अंधारात जाऊ देतो. नोंद करतो, साप जवळच्याच योग्य अधिवासात सोडतो. फार दूर नेलेला साप ओळखीची बिळं आणि भक्ष्य शोधत भटकत राहतो. वाईट कोणता? जो नागाला फणा काढायला लावून व्हिडिओ काढतो, गळ्यात घालतो, मुलांना हात लावू देतो, किंवा साप चार दिवस बरणीत ठेवतो. अशाला पुन्हा बोलावू नका, आणि वनखात्याला कळवा. तो येईपर्यंत एका माणसाने आठ-दहा फुटांवरून सापावर फक्त नजर ठेवायची. धूर, रॉकेल, उकळतं पाणी काही नाही. नजर सुटली की साप कपाटामागे जातो, आणि मग तो सापडेपर्यंत घरात झोप नाही.

साप ओळखण्याच्या मोबाइल ॲपवर जीव टांगू नका. मात्र दोन गल्लती माहीत असाव्यात. कवड्या आणि मण्यार: कवड्याचे पांढरे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरतात, आणि तो भिंतीवर सहज चढतो. मण्यारीच्या पांढऱ्या रेषा बारीक, बहुधा जोडीने, डोक्यापासून थोड्या अंतराने सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट असतात. दुसरी गल्लत घोणस आणि अजगराचं पिल्लू. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. ही माहिती लांबून पाहण्यासाठी आहे, हातात धरून ताडण्यासाठी नाही.

आणि चावलाच तर? वर घट्ट दोरी नको, चिरा नको, चोखणं नको, मांत्रिक तर नकोच. अंगठी, पैंजण, घड्याळ काढा, हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा, आणि शासकीय मेडिकल किंवा मेयो, जे जवळ असेल ते गाठा. चावल्याची वेळ लिहून न्या. डॉक्टर स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवतात. रक्त गोठलं नाही तर घोणशीसारख्या विषाचा पुरावा मिळतो. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, म्हणून साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. मुलालाही मात्रा मोठ्या माणसाएवढीच लागते, कारण सापाने विष मुलाचं वजन पाहून दिलेलं नसतं. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला आहे. त्यातले बहुतेक खेड्यांतले, आणि बरेचसे दवाखान्यात वेळेत न पोचलेले.

कुत्र्यांकडे वळलं की भीतीचा नमुना थोडा बदलतो. सगळ्या कुत्र्यांना कुणी घाबरत नाही, काही कुत्र्यांना घाबरतात: काळा, रुंद छातीचा, मोठ्या डोक्याचा, जातीचं नाव ऐकून अंगावर काटा येईल असा. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 12 मार्च 2024 ला पिटबुल, रॉटवायलरसारख्या 23 जातींच्या विक्री आणि पैदाशीला आळा घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवलं. ताकदवान जबडा जास्त खोल जखम करतो हे खरं आणि अशा कुत्र्याच्या मालकावर जबाबदारीही जास्त. पण रेबीज जबडा पाहून येत नाही. गल्लीतल्या दोन महिन्यांच्या पिलाने खेळता खेळता ओरबाडलं, तर ‘पिल्लूच आहे’ म्हणून लोक हळद लावून मोकळे होतात. मोठ्या कुत्र्यापासून दहा पावलं दूर पळणारा माणूस त्या पिलाच्या नखाला काहीच मानत नाही. सापांमध्ये मण्यारीचं जे झालं, तेच इथे पिलाचं.

लाल पाण्याच्या बाटल्या. निळीच्याही असतात. खर्च शून्य, उपयोगही शून्य. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, त्याला निळा आणि पिवळा नीट कळतो, लाल मळकट तपकिरी दिसतो. म्हणजे लाल रंगाने घाबरायचं कारणच नाही. निळा दिसतो, पण त्यात घाबरण्यासारखं काय? नवी वस्तू म्हणून कुत्रा दोन दिवस हुंगतो, तिसऱ्या दिवशी तिच्यावरच पाय वर करतो. शिवाय बाटलीत साचलेल्या पाण्यात डास होतात, झाकण घट्ट नसेल तर नक्कीच. फाटकाशी घाण होऊ नये असं वाटत असेल तर कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर ठेवणं बंद करा आणि फाटकाची खालची फट जाळीने बुजवा. कुत्रं येतं ते उष्ट्यासाठी आणि सावलीसाठी.

हातात धरायचं अल्ट्रासोनिक यंत्र सापासाठी निरुपयोगी असलं तरी कुत्र्यासाठी अगदीच खोटं नाही. कुत्र्याला साधारण 45,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेव्हा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो. काही कुत्री थबकतात, काही कान टवकारून पुढे येतात, म्हातारं बहिरं कुत्रं काहीच करत नाही. पल्ला काही मीटर, आणि बॅटरी उतरली की तुम्हाला कळत नाही, कारण आवाज तुम्हाला ऐकूच येत नाही. पहाटे फिरायला जाणाऱ्याने एकट्या याच्या भरवशावर जाऊ नये. छत्री यापेक्षा बरी: उघडली की तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये मोठी भिंत होते. दुचाकीमागे कुत्रं लागलं तर वेग वाढवू नका. ते पळणाऱ्या वस्तूच्या मागे लागलेलं असतं. वेग कमी करा, थांबा, गाडी मध्ये ठेवा, पाय झटकू नका. बरेचसे अपघात चाव्याचे नसतात, तोल जाऊन पडण्याचे असतात.

‘भुंकेल तो चावेल काय’ या म्हणीवर विसंबणारे फसतात. भुंकणारं कुत्रं निदान इशारा देतं. अंग ताठ, मान खाली, नजर रोखलेली, मानेवरचे केस उभे आणि शेपटी वर ताठ धरून हळू हलतेय, आवाज नाही: हे जास्त गंभीर आहे. शेपटी हलते म्हणजे लाडात आहे, असं नेहमी नसतं. आणि घशात हाड अडकल्यासारखा जबडा लोंबलेला, लाळ गळतेय, आवाज बदललाय, चालताना झोकांड्या, असं कुत्रं दिसलं तर तोंडात हात घालून हाड काढायला जाऊ नका. रेबीजचा मुका प्रकार असाच दिसतो.

घरच्या कुत्र्यासाठी मजल, म्हणजे तोंडाची जाळी, घेताना नागपूरकरांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. बाजारात स्वस्त मिळते ती नायलॉनची नळी, तोंड घट्ट बंद करणारी. कुत्रा घामाने नव्हे, तोंड उघडून धापा टाकून अंग थंड करतो. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना तोंड बांधलेला कुत्रा अर्ध्या तासात उष्माघाताने कोसळू शकतो. त्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश, 41 च्या वर गेलं की जीव धोक्यात. नायलॉनची नळी दवाखान्यात इंजेक्शनपुरती दोन मिनिटं ठीक. फिरायला नेताना टोपलीसारखी जाळी घ्या, जिच्यात तो तोंड पूर्ण उघडू शकेल आणि पाणी पिऊ शकेल. नाकाच्या टोकापुढे बोटभर जागा हवी, मानेच्या पट्ट्यात दोन बोटं जायला हवीत. पहिल्याच दिवशी रस्त्यावर लावू नका. घरात जाळीच्या तळाशी खाऊ ठेवून चार-पाच दिवस सवय लावा, नाहीतर पंजाने ओढून तो नाकाचं कातडं सोलून घेतो. दोरी दीड-दोन मीटरची, जाड, साधी. बटण दाबल्यावर लांबणारी दोरी गर्दीच्या गल्लीत नको, ऐन वेळी कुत्रा पाच मीटर पुढे असतो.

चाव्यानंतरची वस्तू म्हणजे साबण आणि नळ. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू साबणाने नष्ट होतो, आणि हे काम डॉक्टरकडे पोचण्याआधी घरीच होतं. मिरची, चुना, तेल, हळद काही नको. मग लस: कातडीत देण्याच्या पद्धतीत दिवस 0, 3, 7 आणि 28, स्नायूत देण्याच्या पद्धतीत 0, 3, 7, 14 आणि 28. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याची पद्धत केव्हाच बंद झाली, आता दंडावर देतात. रक्त आलं असेल, किंवा जखमेवर लाळ पडली असेल, तर ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर वर्गातली जखम. तिथे लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, लागतं, आणि नेमकं हेच विचारायचं लोक विसरतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण तो जगतोय का हे पाहत बसून पहिला डोस लांबवायचा नाही. एका डोसनंतर जखम भरली म्हणून पुढचे सोडू नका. कार्डावरच्या तारखा मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा, आणि 28 व्या दिवसाचा गजर तर दोनदा लावा, कारण सगळ्यात जास्त विसरला जातो तोच.